मिनी रेट्रो कन्सोल घ्यावा की इम्युलेटरवरच खेळावं? कसं ठरवायचं आणि मग कसं करायचं

लहानपणीचे टीव्ही गेम परत खेळायचेत, आता हातात थोडे पैसेपण आहेत, आणि ऑनलाइन ते तळहातावर मावणारे निन्टेन्डो, सेगा, प्लेस्टेशनचे मिनी कन्सोल दिसले की मन होतंच. पण थांबा, घाई करू नका. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपल्याकडे वाढलेल्या बहुतेक लोकांनी आधी इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम फोनवर किंवा कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) लावून बघावा, मिनीचा विचार नंतर. कारण फक्त पैसे नाहीत, त्यापेक्षा मोठं कारण गेमच्या यादीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी 1: कागद घ्या आणि गेमची नावं लिहा

खरंच लिहा, मनातल्या मनात नको. तुम्हाला नक्की कोणते गेम खेळायचेत? "जुने सगळे" हे उत्तर चालणार नाही. नव्वदीत आपल्या घरात जो टीव्ही गेम होता तो बहुतेक वेळा निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची (हाच कन्सोल जपानबाहेर एनईएस नावाने विकला गेला) नक्कल होता, सोबत पिवळी कॅसेट, त्यावर 9999 इन 1 लिहिलेलं आणि आत तेच ठरावीक गेम फिरून फिरून. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा बॅटल सिटी, रोड फायटर, सर्कस चार्ली, डक हंट. मे महिन्याच्या सुट्टीत दोघा भावांनी मिळून जे खेळलं ते हेच.

आता निन्टेन्डोच्या एनईएस क्लासिक मिनीची यादी बघा. नोव्हेंबर 2016 मध्ये आला, 30 गेम आत भरलेले, अमेरिकेत किंमत 60 डॉलर. मारिओचे तिन्ही भाग आहेत, पॅकमॅन आहे, आइस क्लाइंबर आहे, एक्साइटबाइक आहे, डॉन्की काँग आहे. पण कॉन्ट्रा नाही! त्याचा दुसरा भाग सुपर सी आहे, पहिला नाही. बॅटल सिटी नाही, रोड फायटर नाही, सर्कस चार्ली नाही, डक हंटपण नाही. म्हणजे जो माणूस "आपलं लहानपण" विकत घ्यायला निघालाय त्याच्या यादीतले निम्म्याहून जास्त गेम त्या डब्यात नाहीतच. ती यादी अमेरिकेतल्या मुलांच्या लहानपणाची आहे, झेल्डा, मेट्रॉइड, टेक्मो बोल वगैरे, आणि ते गेम फार भारी आहेत यात वादच नाही, पण आपण ते तेव्हा खेळलोच नव्हतो.

डक हंटचं अजून एक सांगतो, कारण खूप जण विचारतात. त्या गेमसोबतची बंदूक जुन्या काचेच्या जाड टीव्हीवरच चालते. घोडा दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतला सेन्सर त्या पिक्चर ट्यूबचा उजेड ठरलेल्या वेळेत दिसतो का ते बघतो. एलसीडी, एलईडी टीव्हीवर तो उजेड त्या वेळेत येत नाही, म्हणून कितीही नेम धरा, बदक पडत नाही. इम्युलेटरवर मात्र माउसने बदकं मारता येतात, आणि तेवढ्यानेही मजा येते.

ज्यांच्या यादीत एनईएसऐवजी दुसरं काही आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सेगा मेगा ड्राइव्ह मिनी सप्टेंबर 2019 चा, 42 गेम, त्यात सॉनिक, स्ट्रीट्स ऑफ रेज 2, गोल्डन ॲक्स आणि युरोप-अमेरिकेच्या मॉडेलमध्ये रोड रॅश 2 सुद्धा. (कॉम्प्युटरवर जो रोड रॅश सगळ्यांनी खेळला तो हा नव्हे, हा त्याच्या आधीचा 16-बिटवाला आहे.) सुपर निन्टेन्डोचा मिनी 2017 चा, 21 गेम. प्लेस्टेशन क्लासिक डिसेंबर 2018 चा, 20 गेम, त्यात टेकन 3 आहे, आणि त्याबद्दल खाली सविस्तर बोलतो.

पायरी 2: मिनीच्या आत काय असतं ते समजून घ्या

लोक म्हणतात इम्युलेटर म्हणजे नकली आणि मिनी म्हणजे ओरिजिनल. असं काही नसतं. मिनीच्या आतही इम्युलेटरच असतो. एनईएस मिनीमध्ये ऑलविनर आर16 नावाची चिप आहे, स्वस्त टॅबलेटमध्ये असते तशी, 256 एमबी रॅम, 512 एमबी मेमरी, आणि त्यावर लिनक्स. सुपर निन्टेन्डोच्या मिनीतपण तेच हार्डवेअर. म्हणजे तुम्ही पैसे देता ते कंपनीच्या परवान्याचे गेम, सुंदर बनवलेला डबा, कंट्रोलर आणि "लावा आणि खेळा" या सोयीचे. ही सोय छोटी गोष्ट नाही, पण नेमके कशाचे पैसे देतोय ते माहिती असावं.

आणि सगळे मिनी सारख्या काळजीने बनवलेले नाहीत. मेगा ड्राइव्ह मिनीचं काम जपानच्या एम2 या कंपनीने केलंय, जुने गेम नव्या यंत्रावर चालते करण्यात त्यांचं नाव फार मोठं आहे आणि ते खेळताना कळतं. त्यात टेट्रिसची मेगा ड्राइव्ह आवृत्ती दिलीय जिची मूळ कार्ट्रिज (म्हणजे कॅसेट) जगात मोजकीच आहेत, शिवाय डॅरियस नव्याने बनवून घातलाय. याउलट प्लेस्टेशन क्लासिक. सोनीसारख्या कंपनीने यात पीसीएसएक्स रीआर्म्ड हा इंटरनेटवर फुकट मिळणारा ओपन सोर्स इम्युलेटर वापरला. त्याला माझी हरकत नाही, इम्युलेटर चांगला आहे. हरकत आहे ती 20 पैकी 9 गेम युरोपातल्या 50 हर्ट्झच्या आवृत्तीत घातले याला. जपान-अमेरिकेतल्या आवृत्तीत सेकंदाला 60 फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र), युरोपातल्यात 50, त्यामुळे बरेच गेम हळू चालतात आणि आजच्या टीव्हीवर चित्र अडखळतं. टेकन 3 या नऊमध्ये आहे! आपल्याकडे पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन जो गेम पोरांनी खेळला, ज्याच्यासाठी कोणी हा डबा घेईल, नेमका तोच गेम हळू. कंट्रोलरलाही ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या) नाहीत. 100 डॉलरला आलेला हा कन्सोल काही महिन्यांतच खूप स्वस्त करून विकावा लागला तो उगाच नाही.

पायरी 3: घरात जे आहे त्यावर इम्युलेटर लावून बघा

यासाठी काही विकत घ्यायचं नाही. पाच-सात वर्षांपूर्वीचा लॅपटॉप किंवा साधा अँड्रॉइड फोन 8-बिट (एनईएस), 16-बिट (मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो) कन्सोलला भरपूर होतो, पहिला प्लेस्टेशनपण आरामात चालतो. आयफोनवाल्यांना आधी फार उपद्व्याप करावे लागायचे, पण एप्रिल 2024 पासून ॲपलने ॲप स्टोअरवर इम्युलेटरला परवानगी दिलीय, डेल्टा आणि रेट्रोआर्क हे दोन्ही इम्युलेटर तिथे मिळतात.

मी नवीन माणसाला रेट्रोआर्कच सांगतो, थोडा किचकट वाटतो पण एकदा हात बसला की सगळे कन्सोल एकाच ठिकाणी. इन्स्टॉल केलं की मेन्यूत "लोड कोअर" आणि मग "डाउनलोड अ कोअर". कोअर म्हणजे त्या त्या कन्सोलचा इम्युलेटर. एनईएससाठी मेसेन किंवा नेस्टोपिया, सुपर निन्टेन्डोला एसनेस9एक्स, सेगाला जेनेसिस प्लस जीएक्स, प्लेस्टेशनला स्वानस्टेशन. मग "लोड कंटेंट" करून गेमची फाइल निवडायची. चित्र ताणलेलं दिसलं तर व्हिडिओ सेटिंगमधे जाऊन ॲस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) 4:3 करा, मारिओ जाडा दिसला की सगळी मजाच जाते.

गेम कुठून आणायचे? इम्युलेटर हे सॉफ्टवेअर वापरणं बेकायदा नाही, अमेरिकेत 2000 साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात कोर्टाने इम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता. पण कुठल्यातरी साइटवरून निन्टेन्डोच्या गेमची फाइल उतरवणं हा कॉपीराइटचा भंग आहे, गेम कितीही जुना असू दे आणि दुकानात मिळत नसू दे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही बॅकअप कॉपीची मुभा आहे ती ज्याच्याकडे कायदेशीर मूळ प्रत आहे त्यालाच. म्हणून सरळ रस्ता घ्या, आणि तो आहे. कॉन्ट्रा हवाय? कोनामीने 2019 मध्ये कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन काढलंय, त्यात आपण खेळलो तो एनईएसचा कॉन्ट्रा आहे, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो आणि सेल लागला की बराच स्वस्त पडतो. बॅटल सिटी नामको म्युझियम आर्काइव्ह्जच्या दुसऱ्या भागात आहे. शिवाय आजही लोक जुन्या एनईएससाठी नवीन गेम बनवतात, मायक्रो मेजेस त्यातला एक, चार जण एकत्र खेळू शकतात आणि त्याची फाइल थेट बनवणाऱ्यांकडून विकत घेता येते. रेट्रोआर्क शिकायला याच्यापेक्षा चांगला गेम नाही.

पायरी 4: बटण दाबलं आणि उडी उशिरा, हे आधी दुरुस्त करा

इथे बहुतेक लोक इम्युलेटरला नावं ठेवून सोडून देतात. "पूर्वीसारखं वाटत नाही राव" असं म्हणतात ना, ते खरं असतं, पण दोष बऱ्याचदा टीव्हीचा असतो. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. ते केलं नाही तर टीव्ही चित्र चकचकीत करण्यात वेळ घालवतो आणि तुमची उडी उशिरा पडते. हे मिनी कन्सोललाही तितकंच लागू आहे, महागाचा मिनी आणून गेम मोड न लावता खेळणारे खूप आहेत.

मग रेट्रोआर्कमधला रन-अहेड. सेटिंग, लेटन्सी, त्यात सापडेल. जुन्या गेममध्ये मुळातच बटण दाबल्यापासून हालचाल व्हायला एक-दोन फ्रेम जातात, आणि एक फ्रेम म्हणजे साधारण 16.7 मिलिसेकंद. हे सेटिंग त्या फ्रेम आधीच हिशोबात धरून दाखवतं. किती ठेवायचं ते मोजता येतं: गेममध्ये कीबोर्डवरचं पी दाबून पॉज करा, उडीचं बटण दाबून धरा, आणि के एकेकदा दाबत जा, दर वेळी एकच फ्रेम पुढे सरकते. कितव्या वेळी मारिओ हलला ते मोजा, त्यातून एक वजा करा, तेवढा आकडा रन-अहेडमध्ये टाका. त्यापेक्षा जास्त टाकलात तर हालचाल तुटक दिसते. हे एकदा करून खेळून बघा, उडी बोटाला चिकटल्यासारखी येते, आणि ही सोय निन्टेन्डोच्या मिनीत नाहीच.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले पैसे चांगल्या कंट्रोलरवर घाला. 8बिटडूसारख्या कंपनीचा चांगल्या डी-पॅडचा (चार दिशांच्या बटणाचा) एक कंट्रोलर, शक्यतो वायरने लावून. मोबाइलच्या काचेवर बोटं घासून कॉन्ट्रा खेळता येत नाही, त्यावरून इम्युलेशनबद्दल मत बनवू नका.

पायरी 5: आता मिनीचा विचार करा

महिनाभर असं खेळून झाल्यावरही मिनी हवासा वाटला तर त्याला खरी कारणं असतात. तुमची यादी आणि त्या मिनीची यादी जुळते. किंवा घरात आई-वडील, लहान पोरं आहेत ज्यांना कोअर, फाइल, सेटिंग यात पडायचं नाहीये, त्यांना एक बटण दाबून खेळायचंय. किंवा तुम्ही संग्रह करता, आणि मग सुपर निन्टेन्डो मिनीला तोड नाही, कारण त्यात स्टार फॉक्स 2 आहे, नव्वदीत बनून तयार असूनही न विकलेला गेम, जो अधिकृतपणे पहिल्यांदा 2017 मध्ये याच डब्यातून आला. यापैकी एकही कारण नसेल आणि फक्त फोटो बघून मन होत असेल, तर मी तरी घेऊ नका असंच म्हणेन, कारण निन्टेन्डोचे मिनी आता बनत नाहीत, आपल्याकडे मिळतो तो बाहेरून आलेला माल, आणि विकणारा मागेल ती किंमत. मला विचाराल तर सगळ्यांत पैसे वसूल मेगा ड्राइव्ह मिनी, सगळ्यांत कमी प्लेस्टेशन क्लासिक.

पायरी 6: घेताना हे बघा

"620 गेम" लिहिलेला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही वायरचा डबा म्हणजे एनईएस मिनी नव्हे, दिसायला कितीही सारखा असू दे. खऱ्याला एचडीएमआय असतं, 30 गेम असतात, तळाशी सीएलव्ही-001 हा मॉडेल नंबर असतो आणि कंट्रोलरची पिन निन्टेन्डोच्याच वी (Wii) कन्सोलच्या नंचक कंट्रोलरसारखी असते. विकणाऱ्याकडून मेन्यूचा, तळाचा आणि पिनचा फोटो मागा, टाळाटाळ केली की विषय संपवा. हल्ली मिळणाऱ्या "10000 गेम"वाल्या एचडीएमआय स्टिकपण टाळा, त्यातले गेम विनापरवाना भरलेले असतात आणि सोबतचे वायरलेस कंट्रोलर अडखळतात.

अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणून देणार असेल तर चार्जर नीट बघा. त्यावर इनपुट 100-240 व्होल्ट लिहिलेलं नसेल, फक्त 120 असेल, तर आपल्या 230 च्या प्लगमध्ये अजिबात लावू नका. घरातला 5 व्होल्ट 1 अँपियरचा फोनचा चार्जर आणि मायक्रो यूएसबी केबल पुरते.

एनईएस मिनीच्या कंट्रोलरची वायर जेमतेम अडीच फुटांची आहे, सोफ्यावर बसून खेळायचं असेल तर एक्स्टेन्शन केबल सोबतच मागवा. तरीही गेम बदलायचा झाला की उठून डब्यावरचं रिसेट बटण दाबावं लागतं, म्हणून डबा टीव्हीमागे न लपवता लांब एचडीएमआय केबलने हाताशी ठेवा. सेव्ह करायला प्रत्येक गेमला चार जागा आहेत, घरात खेळणारे जास्त असतील तर कोणाची जागा कोणती ते आधीच वाटून घ्या, नाहीतर एकाचा सेव्ह दुसरा पुसतो.