पुरळ दिसलं तो दिवस शून्य: गोवराचे दिवस कसे मोजायचे

मी आरोग्यसेविका. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत साखर कारखाना आहे, त्यामुळे दिवाळी सरली की माझी लोकसंख्या वाढते. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, तळावर कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात आणि एकेका कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागे, दोन-तीन पोरं असतात. त्या पोरांत गोवर शिरला तर तो अडवायला फार थोडे दिवस हाती असतात. ते दिवस मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने मोजते. तीच रीत इथे लिहिते. तळावर चालते तशी ती कुठल्याही वाड्यात, चाळीत, सोसायटीत चालेल.

एका वर्षीचं उदाहरण घेते, कारण तारखा माझ्या वहीत आहेत. १२ जानेवारीला सकाळी मुकादमाचा फोन आला, "सिस्टर, एका पोरीच्या अंगावर उठलंय." मी गेले तेव्हा तीन वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर होती. डोळे लाल, चिपडांनी चिकटलेले, नाक वाहत होतं आणि खोकला थांबत नव्हता. ताप १०३. आधी केस बाजूला करून कानामागं पाहिलं. गोवराचं पुरळ तिथून, केसांच्या कडेपासून सुरू होतं, मग तोंडावर येतं, मानेवर उतरतं आणि तीन दिवसांत पोटावरून पायापर्यंत पोचतं. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही. अशा वेळी बोटांची मागची बाजू गालावरून फिरवावी, खरखर हाताला लागते.

मग चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला केला आणि टॉर्च मारला. आतल्या बाजूला, दाढांसमोर, लालभडक कातडीवर बारीक मीठ सांडल्यासारखे पांढुरके ठिपके होते. न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक या डॉक्टरांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. पुरळाच्या एक-दोन दिवस आधी ते येतात आणि पुरळ उठल्यावर लवकरच जातात. नाही दिसले म्हणून गोवर नाही, असं धरू नये. दिसले तर मात्र तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता तारखा मोजायला बसावं.

पहिलं काम म्हणजे शून्य शोधणं. आई नेहमी ताप आला तो दिवस सांगते. तो आपल्याला नको. विचारायचं, "कानामागं, कपाळावर पहिल्यांदा कधी दिसलं?" या मुलीच्या आईने त्याच दिवशी पहाटे पाहिलं होतं. म्हणजे १२ जानेवारी हा शून्य. त्यावर गोल केला.

आता चार दिवस मागे जा. ८ जानेवारी. गोवराचं मूल पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून रोग देत असतं. त्या वेळी त्याला साधी सर्दी दिसते, कधी तीही दिसत नाही, म्हणून ते सगळ्यांत खेळतं, कडेवर फिरतं. गोवर इतका का पसरतो, याचं निम्मं उत्तर या चार चौकटींत आहे. त्या मी लाल पेनाने भरते आणि आईला एकेक दिवस आठवायला लावते: कुठल्या कोपीत गेली होती, गाडीवर शेजारी कोण बसलं होतं, कुणाचं बाळ मांडीवर घेतलं होतं? घाई केली तर बायका "कुठंच न्हाई गेली" म्हणतात. चहा होईस्तोवर बसलं की मग आठवतं.

नंतर पुढे चार दिवस. १६ जानेवारीपर्यंत मुलीला घरात ठेवायचं. मध्ये १४ तारखेला संक्रांत होती. तिळगुळाला अख्ख्या तळाच्या बायका पोरं घेऊन एका मांडवात जमणार होत्या. तो कार्यक्रम मुकादमाने पुढे ढकलला, त्याचे आभार मी अजून मानते. कारण गोवराचा विषाणू खोकल्याच्या बारीक तुषारांतून हवेत राहतो, आजारी माणूस निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत. लस न घेतलेली आणि आधी गोवर न झालेली दहा मुलं त्या हवेत आली तर नवांना तो होतो. तोंडावर रुमाल धरून किंवा ताट-वाटी वेगळी करून हे टळत नाही. त्याला दिवस पाळावे लागतात.

आता शून्यापासून चौदा दिवस मागे जा. २९ डिसेंबर. त्या सुमारास विषाणू मुलीच्या नाका-घशातून आत गेला. त्या दिवशी काय होतं, हे विचारल्यावर आईला लगेच आठवलं. धाकट्याला सर्दी होती म्हणून ती दोघांना घेऊन तालुक्याच्या एका दवाखान्यात गेली होती. बंद खोलीत, गर्दीत, दोन तास नंबर लावून बसली होती. तिथे खोकणाऱ्या मुलांना बाहेर वेगळं बसवलं असतं तर हे टळलं असतं, असं मला वाटतं. गोवराचा संशय असलेलं मूल तुम्ही नेत असाल तर आधी फोन करा आणि रांगेत न बसता दाराबाहेर थांबा.

हे चौदा दिवस विषाणू शरीरात करतो काय? घशा-फुफ्फुसात शिरल्यावर तो तिथल्या राखणदार पेशींनाच पकडतो. त्या पेशी त्याला जवळच्या लसिका गाठीत घेऊन जातात. तिथे तो वाढतो, दोन-तीन दिवसांत रक्तात थोडा उतरतो आणि प्लीहेसारख्या अवयवांत पसरतो. पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास रक्तात दुसऱ्यांदा, या वेळी भरपूर, येतो आणि कातडी, डोळे, श्वासनलिका सगळीकडे पोचतो. इतके दिवस मूल खेळतं-जेवतं. दहाव्या दिवसाच्या आसपास ताप, खोकला, लाल डोळे सुरू होतात, कारण आता तो श्वासनलिकेच्या अस्तरातून बाहेर पडायला लागलेला असतो. पुरळ येतं ते सगळ्यात शेवटी, शरीर विषाणूला ओळखून त्याच्याशी लढायला लागतं तेव्हा. म्हणून आपण पुरळ बघतो त्या वेळी मुलाचं रोग देणं अर्धं उरकलेलं असतं.

ही मोजणी फार जुनी आहे. १८४६ मध्ये उत्तरेकडच्या समुद्रातल्या फेरो बेटांवर गोवर पोचला. १७८१ नंतर तिथे तो आलाच नव्हता. ७,७८२ लोकवस्तीतले सुमारे ६,००० आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेला आणि गावोगाव तारखा विचारत फिरला. एका गावचे दहा पुरुष ४ जूनला व्हेलच्या शिकारीसाठी एका होडीतून गेले होते. १८ जूनला त्या दहाही जणांना पुरळ उठलं. चौदा दिवस, ते त्याने कागदावर मांडले. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना तो पुन्हा झाला नाही, हेही त्याने टिपलं. मी तळावर चहा घेत जे विचारते, ते हेच काम आहे, आणि ते करताना मला त्या होडीची आठवण येते.

मोजणीचा खरा उपयोग पुढच्या फेरीसाठी, म्हणजे या मुलीकडून ज्यांना गोवर होईल त्यांच्यासाठी आहे. मुलगी ८ ते १६ जानेवारीपर्यंत रोग देत होती. त्यात चौदा मिळवा: २२ ते ३० जानेवारी. नवीन पुरळ निघालं तर बहुतेक या दिवसांत निघणार. शेवटच्या दिवसापासून एकवीस दिवस, म्हणजे ६ फेब्रुवारीपर्यंत, लक्ष ठेवायचं. हिरव्या पेनाने त्या चौकटी भरल्या आणि त्या दिवसांत रोज फेरी मारायची ठरवली.

लस लगेच. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत गोवर-रुबेला लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. घरच्या भावंडाला हे सहसा जमत नाही, कारण पुरळ दिसेपर्यंत चार दिवस गेलेले असतात. तरी लस द्यायची, कारण तळावर दुसरी, तिसरी फेरी असते. नेहमीचं वेळापत्रक नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. साथ असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आदेशाने सहा महिन्यांपासून जादा डोस देतात. गरोदर बाईला ही लस देत नाहीत. तिला लस मिळालेली नसेल आणि आधी गोवर झालेला नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचं, इंजेक्शन देता येतं.

कार्ड गावाकडे पेटीत राहिलंय, असं तळावर निम्म्या आया सांगतात. मी वाद घालत नाही. गावात राहिलेल्या सासूला फोन लावून कार्डाचा फोटो मागवते. फोटो आला नाही तर लस झालेली नाही असं धरून देते. एक डोस जास्त झाल्याने काही बिघडत नाही.

आता देवी अंगात आल्या या समजुतीचं. मुलीच्या आजीने कोपीच्या दारात कडुनिंबाचा डहाळा खोचला होता आणि मला म्हणाली, "बाई आल्यात, सुई-दवा नगं, फोडणीबी बंद केलीय." कडुनिंब राहू द्या, असं मी म्हणते. त्यामुळे परकी माणसं दारातूनच परततात, ते आपल्याला हवंच आहे. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसते. एक, पोराचं खाणं-पिणं तोडायचं नाही. अंगावरचं दूध, पेज, डाळीचं पाणी, ओआरएस, मागेल तितकं. दुसरं, अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, आज एक आणि उद्या एक. वर्षावरच्या मुलाला दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एक लाख, त्याहून लहानाला पन्नास हजार. सरकारी बाटलीतल्या औषधात एका मिलीलीटरला एक लाख असतं, आणि डोस आरोग्य कर्मचाऱ्यानेच मोजून द्यावा. गोवर शरीरातलं हे जीवनसत्त्व झपाट्याने संपवतो आणि त्यातून डोळा जातो. आजीला मी एवढंच म्हटलं, "बाईंनी डोळे न्यायला नकोत ना?" तिने स्वतः पोरीचं तोंड उघडून धरलं.

डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने आणि स्वच्छ फडक्याने पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळं फडकं. काजळ, दूध, मध डोळ्यात घालायचं नाही. तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. कान फुटला किंवा न्यूमोनिया झाला तर डॉक्टर देतील.

न्यूमोनियाचीच जास्त भीती. गोवराने जाणारी बहुतेक लहान मुलं त्याने आणि जुलाबाने जातात. म्हणून श्वास मोजायला शिका. मूल झोपलेलं किंवा शांत दूध पीत असताना अंगावरचा कपडा वर करा, पोटावर नजर ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थबकतो. दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त झाले की दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, झटका आला असेल, बुबुळ धुरकट झालं असेल, तर न मोजताच निघा. आणखी एक खूण: चौथ्या दिवसाच्या आसपास ताप उतरायला हवा. उतरून पुन्हा चढला तर गोवराच्या मागून दुसरा जंतू शिरलाय.

मुलीचा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्याला १३ तारखेला जादा डोस मिळाला, पण उशीर झाला होता. २३ जानेवारीला त्याच्या कानामागं पुरळ दिसलं, हिरव्या चौकटीत. जीवनसत्त्वाची बाटली माझ्या पिशवीत तयारच होती. २५ तारखेच्या संध्याकाळी मोजले तर श्वास ५८. लगेच १०८ ला फोन केला आणि रात्री नऊच्या आत तो ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनवर होता. सहा दिवसांनी घरी आला. तळावर त्यानंतर आणखी दोनच मुलांना गोवर निघाला, तिसरी फेरी झाली नाही.

पुरळ काळपट पडून कोंड्यासारखी साल सुटली की लोक सुटकेचा श्वास सोडतात, आणि तिथेच पोराकडे दुर्लक्ष होतं. गोवर शरीराची जुन्या आजारांची आठवणच पुसतो. २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या मुलांची आधीची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं गोवरानंतर गेलेली आढळली. त्यामुळे पुढचे काही महिने साधा जुलाब, साधा खोकलाही हलका घेऊ नका. दर आठवड्याला अंगणवाडीत वजन करा आणि एक जेवण जास्तीचं द्या.

सहा महिन्यांनंतर पण नवव्याच्या आत दिलेला जादा डोस वेळापत्रकात धरत नाहीत. त्या बाळाच्या कार्डावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "जादा डोस, नऊ महिन्यांचा बाकी", आणि बापाच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवला. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळी परत निघाली, तेव्हा ट्रॅक्टरवर चढता चढता त्याने मला तो फोटो काढून दाखवला. त्यांच्या गावच्या आशाताईला तो मी त्याच दुपारी पाठवून दिला होता.