फोटोग्राफरने कमांड लाइन शिकावी का? शिकायची तर एवढीच शिका

प्रोग्रामिंग शिकून फोटो चांगले येत नाहीत हे आधीच सांगतो, लाइट कुठून येतोय ते पायथनला काय कळणार. पण फोटो काढून झाल्यावरची जी हमाली असते ना, नावं बदला, शोधा, कॉपी मारा, ती कमांड लाइनने (माउसऐवजी कमांड टाइप करून कॉम्प्युटरला काम सांगायचं) बरीच हलकी होते आणि त्यासाठी अख्खी भाषा शिकत बसायची काही गरज नाही. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

लग्नाचं काम घ्या. दोन फोटोग्राफर, दोन कॅमेरे, आणि दोघांची घड्याळं कधीच जुळत नाहीत. सगळे फोटो एकत्र करून वेळेप्रमाणे लावले की हार घालताना आधी दिसतात आणि अंतरपाट नंतर दूर होतो! यावर औषध म्हणजे एक्झिफटूल. फोटोच्या फाइलमध्ये साठलेली वेळ वगैरे माहिती वाचायचं आणि बदलायचं, फिल हार्वेने 2003 मध्ये सुरू केलेलं फुकट टूल आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीवर चालतं, रॉ फाइल्सही (कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या) वाचतं.

आधी प्रत्येक कॅमेऱ्याचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची एक कॉपी करून कॉपीवरच काम करा, हे टाळू नका. मग दोन्हीकडे एकाच क्षणाचा फोटो शोधा, अंतरपाट खाली येतो तो क्षण बेस्ट. एकात वेळ 12:31:05 आणि दुसऱ्यात 12:38:25 असेल तर फरक झाला 7 मिनिटं 20 सेकंद. मागे असलेल्या कॅमेऱ्याच्या फोल्डरवर कमांड द्यायची: एक्झिफटूल, स्पेस, हायफन, लगेच ऑलडेट्स, त्याला चिकटून अधिक आणि बरोबरची चिन्हं, मग 0:7:20, स्पेस, फोल्डरचं नाव. मधे कुठे जास्तीची स्पेस पडली की बोंब. टूल जुन्या फाइलची, नावापुढे ओरिजिनल जोडून, कॉपी ठेवतं, त्यामुळे डिस्कवर जागा असू द्या. पुढच्या वेळी सरळ कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढा, शोधाशोध वाचते.

आता कोणी म्हणेल लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) पण वेळ बदलता येते की. येते, आणि एवढंच काम असेल तर तिथेच करा. पण नावं बदलायची पण असतील तर एक्झिफटूलच बरं, कारण कॅमेऱ्याचे नंबर साधारण 9999 नंतर परत 0001 वर येतात आणि दोन कॅमेऱ्यांत एकाच नंबरच्या फाइल्स निघतात. नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, शेवटी मूळ नाव, असं ठेवा. नुसती वेळ ठेवली तर बर्स्टमध्ये, म्हणजे बटण दाबून धरून धडाधड काढलेल्या फोटोंत, एकाच सेकंदाचे चार फोटो भांडतात. आणि नावं बदलायची ती क्लायंटला फोटो द्यायच्या आधी, नंतर नाही.

खरी मजा अल्बमच्या सिलेक्शनला. नवरीची बहीण व्हॉट्सॲपवर फाइलनावांची भलीमोठी यादी पाठवते आणि आपण एकेक शोधत बसतो. तर ती यादी टेक्स्ट फाइलमध्ये टाका, दर ओळीत एक पूर्ण नाव. तिने जेपेग निवडलेत आणि तुम्हाला रॉ हवेत? शोधा-बदला करून सगळीकडे एक्स्टेन्शन बदला. मग आरसिंकला (फाइल्स कॉपी करायची कमांड) फाइल्स-फ्रॉम हा ऑप्शन देऊन ती यादी द्या, कुठून आणि कुठे ते सांगा, बाकी तो बघतो. आधी हायफन एनव्ही लावून चालवा, म्हणजे काहीही कॉपी न करता काय होणार तेवढं दाखवतो, आणि यादीतलं एखादं नाव सापडलं नाही तर तिथेच ओरडतो. विंडोजवर त्यासाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकावं लागेल.

इमेजमॅजिकही कामाचं आहे, एका झटक्यात फोल्डरभर फोटो लहान करतं. फक्त त्यातली मॉग्रिफाय कमांड मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून पाथ ऑप्शनने दुसरं फोल्डर दिल्याशिवाय एंटर दाबू नका.