जेनेट लिनचे स्केटिंग कसे पाहावे

फिगर स्केटिंगमधला प्रभाव पदकांच्या यादीत शोधू गेल्यास जेनेट लिन हाती लागत नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद तिने १९६९ ते १९७३ अशी सलग पाच वर्षे राखले, परंतु ऑलिंपिक सुवर्ण किंवा जागतिक विजेतेपद तिला कधीच मिळाले नाही. म्हणून सुरुवात चित्रफितीपासून करावी, आणि तीही आवाज बंद ठेवून.

फेब्रुवारी १९७२ मधील जपानच्या साप्पोरो ऑलिंपिकचे तिचे मुक्त स्केटिंग, म्हणजे संगीतावर उड्या, गिरक्या स्वतःच्या रचनेने सादर करण्याचा भाग, निवडावे. त्यातील उड्या मोजत बसू नये. आजच्या मानाने त्या सोप्याच वाटतात. नजर गुडघ्यावर आणि घोट्यावर ठेवावी. बुटाखालच्या पात्याला लांबीभर खोलगट पन्हळ असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. शरीर वळणाच्या आत जितके कलते, तितके वळण खोल होते, आणि तो कल तोल न ढळता पेलण्याचे काम वाकलेला गुडघा करतो. लिनचा गुडघा क्वचितच ताठ दिसतो. एक वळण संपण्याआधीच पुढचे सुरू झालेले असते, त्यामुळे उडीपूर्वी ‘आता तयारी चालू आहे’ असे जाणवतच नाही. माझ्या मते तिचे खरे देणे हेच आहे.

याच कार्यक्रमात ती हवेतून बसत्या गिरकीत उतरताना पडते. तिथे चित्रफीत थांबवून मागे न्यावी. ती हसत उठते आणि पुढची हालचाल अशी उचलते, की पडणेही रचनेचाच भाग वाटावे. जपानी प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले ते या हसण्यासाठी.

त्यानंतर गुणतक्ता पाहावा. त्या काळी बर्फावर ठरावीक आकृत्या कोरण्याला ५० टक्के वजन होते. ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाने त्यात एवढी आघाडी घेतली, की मुक्त स्केटिंगमध्ये सातवी येऊनही तिला सुवर्ण मिळाले. त्या भागात पहिली आलेल्या लिनला कांस्य. दूरचित्रवाणीवर मुख्यतः मुक्त स्केटिंगच पाहणाऱ्यांना या निकालाचा अर्थ लागेना. पुढच्याच हंगामात लघु कार्यक्रम (ठरावीक घटकांचे छोटे सादरीकरण) आला, आकृत्यांचे वजन घटले आणि १९९० नंतर त्या जागतिक स्पर्धेतून गेल्या. याचे सारे श्रेय लिनला देणे चूक ठरेल, पण जुन्या पद्धतीतील विसंगती तिच्याइतकी ठळक क्वचितच कोणामुळे दिसली असेल. गंमत अशी, की १९७३ च्या ब्रातिस्लाव्हातील जागतिक स्पर्धेत ती त्याच नव्या लघु कार्यक्रमात पडली आणि तिला रौप्यावर थांबावे लागले.

शेवटी आजच्या एखाद्या स्पर्धकाची चित्रफीत अशीच, आवाजाशिवाय पाहावी. सध्या रचना, सादरीकरण आणि स्केटिंगकौशल्य यांना स्वतंत्र गुण असतात. ते पाहण्याआधी मोठ्या उडीपूर्वीची दहा सेकंदे तपासावीत. पाय केवळ वेग घेण्यासाठी एकमेकांवरून टाकले जात आहेत, की प्रत्येक धार पुढच्या धारेत विरघळते आहे, एवढे टिपून घ्यावे आणि मगच गुण उघडावेत.