चित्रं नको, अक्षरं सांगा : फोनवरून कॉम्प्युटर चालवताना उपयोगी पडणाऱ्या कमांड

"बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र दिसतंय का?"
"इथे बरीच चित्रं आहेत. त्यातलं कुठलं?"

लांब राहणाऱ्या आईवडिलांचा कॉम्प्युटर फोनवरून नीट करून देणाऱ्यांना हा संवाद पाठ असेल. चित्रांच्या जागा विंडोजच्या आवृत्तीगणिक बदलतात. विंडोज ११ मध्ये तर स्टार्टचं बटणही डाव्या कोपऱ्यातून मधे सरकलं. टाइप करायच्या कमांड मात्र बहुतेक जुन्याच आहेत आणि १० असो वा ११, त्या चालतात. म्हणून मी आता चित्रं शोधायला लावत नाही, अक्षरं सांगतो.

आधी रन उघडायला शिकवा. कीबोर्डवर खाली डावीकडे, कंट्रोल आणि ऑल्ट यांच्या दरम्यान, चार चौकटींची खूण असलेली विंडोज की असते. ती दाबून धरायची आणि आर दाबायचं. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट येते. तीच रन : तिच्यात कमांड टाइप करून एंटर दाबायचं. तिच्यात आधीची एखादी कमांड निळी होऊन दिसली तर पुसत बसू नका, टाइप करायला लागलं की ती आपोआप जाते.

मग भाषा बघा. आपल्याकडे निम्मा घोळ इथेच होतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर चौकटीत देवनागरी अक्षरं उमटतात आणि एंटर दाबल्यावर "सापडत नाही" असा संदेश येतो. विंडोज की धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. अक्षरं लहान की मोठी, याने काही फरक पडत नाही.

आता अक्षरं कशी सांगायची? फोनवर एम आणि एन, बी, डी आणि पी सारखेच ऐकू येतात. आमच्या घरी गावांची नावं ठरली आहेत : मुंबईचा एम, नागपूरचा एन, पुण्याचा पी, चंद्रपूरचा सी, साताऱ्याचा एस. एकदा सवय झाली की चूक होत नाही. पूर्णविरामाला "टिंब" म्हणा आणि त्याच्या आगेमागे जागा सोडायची नाही, हे प्रत्येक वेळी सांगा.

सुरुवात विनव्हर या कमांडने करा : डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर. एंटर दाबताच विंडोजची आवृत्ती सांगणारी खिडकी येते. पुढचं सगळं बोलणं त्यावर ठरतं. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे घरचा कॉम्प्युटर कुठल्या आवृत्तीवर आहे हे आपल्याला माहीत असायलाच हवं.

व्हिडिओ कॉलवर आवाज येत नसेल तर एम-एम-एस-वाय-एस टिंब सी-पी-एल. आवाज जिथून बाहेर पडू शकतो त्या सगळ्या साधनांची यादी समोर येते. पुष्कळदा आवाज बंद नसतोच, तो मॉनिटरकडे किंवा कधीकाळी जोडलेल्या हेडफोनकडे जात असतो. यादीतला स्पीकर निवडून खालचं "सेट डिफॉल्ट" दाबायचं.

वायफाय जोडलेलं दिसतंय पण पानं उघडत नाहीत, तेव्हा एन-सी-पी-ए टिंब सी-पी-एल. उघडलेल्या खिडकीत वायफायवर राइट क्लिक करून "डिसेबल", दहा सेकंद थांबून "एनेबल". राउटर बंद-चालू करण्याआधी मी हे करून बघायला सांगतो. नको असलेले प्रोग्रॅम काढायला ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड टिंब सी-पी-एल. अडकलेला प्रोग्रॅम बंद करायला टी-ए-एस-के-एम-जी-आर. आईला अक्षरं बारीक दिसतात, तिच्यासाठी एम-ए-जी-एन-आय-एफ-वाय : पडद्यावर भिंग येतं, विंडोज की आणि एस्केप दाबलं की जातं. कॅल्क्युलेटरला सी-ए-एल-सी, वर्डला डब्ल्यू-आय-एन-डब्ल्यू-ओ-आर-डी.

कमांडच्या शेवटी सी-पी-एल लागलं तर ती कंट्रोल पॅनेलची एखादी खिडकी असते, हे लक्षात ठेवा. ते टिंब आणि पुढची तीन अक्षरं गाळली तर कमांड चालत नाही. वर्ड किंवा कॅल्क्युलेटरसारख्या प्रोग्रॅमना मात्र शेपूट लागत नाही. एकदा चाललेली कमांड पुन्हा सांगावी लागत नाही : रनच्या चौकटीत उजव्या टोकाच्या बाणावर क्लिक केलं की जुन्या कमांडची यादी उघडते.

एवढं शिकवलंत तर पुढचंही त्याच दिवशी सांगा, कारण फसवणारेही हीच चौकट वापरतात. "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" म्हणणारं खोटं पान विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगतं. घातक कमांड त्या पानाने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि एंटर दाबताच पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत येऊ शकतो. दुसरा प्रकार फोनवरचा. "कंपनीतून बोलतोय" म्हणत कोणीतरी ई-व्ही-ई-एन-टी-व्ही-डब्ल्यू-आर टाइप करायला लावतो, त्याने कॉम्प्युटरच्या नोंदींची खिडकी उघडते, आणि तिथल्या लाल खुणा दाखवून घाबरवतो. तशा खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात.

आमच्या घरचे नियम दोन. रनमध्ये कधीच काही पेस्ट करायचं नाही, हाताने टाइप करायचं. आणि अक्षरं फक्त घरच्या माणसाच्या फोनवरून घ्यायची, तोही आपण स्वतः लावलेला असेल तर. चुकून पेस्ट झालंच तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.