घरातच सुट्टी? तीनच गोष्टींची वेळ ठरवा

मार्च 2020 मध्ये राज्यात पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि मुलांची सुट्टी घरातच सुरू झाली. पुन्हा तशी वेळ आलीच, तर तासातासाचं वेळापत्रक करू नका, ते टिकत नाही. आंघोळ, जेवण आणि संध्याकाळी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल, एवढ्यांचीच वेळ पक्की ठेवा. बाकी वेळ मुलांचा.

एक काम मात्र पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा. लसूण सोलणं, गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांची राखण, कपड्यांच्या घड्या, काहीही. घडी वाकडी आली तरी ती उलगडून पुन्हा घालू नका. मुलं लगेच हिरमुसतात आणि काम सोडून देतात. घरून ऑफिस करणाऱ्या आईलाही दुपारी अर्धा तास दार लावून निवांत बसू द्या.