टोकियोतल्या निशिकसाईत नव्याने आलेल्यांसाठी: धरणी हलायच्या आधी

घर मिळालं, भारतीय किराणा सापडला, मुलांच्या शाळेचं ठरलं, की आपण हुश्श करतो. त्याच आठवड्यात शेजारच्या घराची बेल वाजवून ओळख करून घ्या. का, ते सांगते.

11 मार्च 2011ला दुपारी 2:46ला भूकंप झाला, तेव्हा आठ महिन्यांच्या लेकीला पोटाशी धरून मी जिन्याकडे धावले. किल्लारीपासून ‘आधी घराबाहेर पळा’ हेच मनात बसलेलं. इथे ते चूक आहे. किल्लारीत दगडमातीच्या भिंतींखाली माणसं गेली. इथल्या इमारती धक्का सोसायला बांधलेल्या असतात, उलट बाहेर पळणाऱ्याच्या डोक्यावर काचा आणि पाट्या पडतात. टेबलाखाली शिरा, डोकं सांभाळा. हादरा थांबला की घराचं दार उघडून ठेवा, नाहीतर चौकट वाकून ते अडकतं.

त्या दिवशी ट्रेन बंद, फोन लागेना. नवरा ऑफिसातून चालत मध्यरात्री घरी पोचला. फोन लागला नाही तर कुठे भेटायचं, ते आधीच ठरवा. आपत्तीत निरोप ठेवायला 171 हा क्रमांक आहे. दर महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला तो वापरून बघता येतो.

शेगडीही पेटेना. गॅसच गेला समजून दोन दिवस काढले. मग शेजारच्या आजींनी मला दाराबाहेरच्या मीटरपाशी नेलं, काळी टोपी फिरवून काढली, आतलं बटण दाबलं आणि तीन बोटं दाखवली: तीन मिनिटं थांब. लुकलुकणारा लाल दिवा विझला आणि शेगडी पेटली. मोठा धक्का बसला की मीटर आपणहून गॅस तोडतो. मात्र गॅसचा वास येत असेल तर बटणाला हात लावू नका.

भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला होता. 23 मार्चला आपल्याकडे पाणी पुरवणाऱ्या कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन सापडल्याचं जाहीर झालं: लिटरमागे 210 बेक्वेरेल, बाळांसाठी मर्यादा 100. मला जपानी कळत नव्हतं. तेव्हाही आजीच धावत आल्या. दुसऱ्या दिवशी प्रमाण मर्यादेखाली आलं, पण भारतातल्या बातम्या बघून आई फोनवर रडतच होती. घरच्यांना रोज ठरलेल्या वेळी फोन करा. निर्णय मात्र वॉर्ड ऑफिस आणि एनएचके वर्ल्ड (जपानची इंग्रजी बातम्या देणारी वाहिनी) काय सांगतंय त्यावर घ्या.

त्या दिवसांत बरेच जण मायदेशी गेले. लहान मुलं असलेल्यांना मी कधीच दोष देणार नाही. पण जाताना साहेबांना आणि सहकाऱ्यांना सांगून जा. न सांगता गेलेल्यांबद्दलची नाराजी इथे फार दिवस टिकली. तेव्हा परत येण्याच्या परवान्यासाठी इमिग्रेशनला लांबच लांब रांगा होत्या. 2012पासून वर्षाच्या आत परतणार असाल तर विमानतळावरच्या अर्जात तशी खूण केली की पुरतं. झाइर्यू कार्ड, म्हणजे इथल्या वास्तव्याचं ओळखपत्र, सोबत हवंच.

माणशी रोज 3 लिटर पाणी, किमान तीन दिवसांचं, भरून ठेवा. निवाऱ्यात शाकाहारी मिळेलच असं नाही. पोहे, गूळ, मेतकूट, सातूचं पीठ पिशवीत असू द्या.

आणि पूर. आपल्या एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाच्या 2019च्या पूरनकाशावर चक्क ‘इथे थांबू नका’ असं छापलंय. तो नकाशा आणून आपली इमारत शोधा. आमचं ठरलेलं आहे: मोठं वादळ येणार म्हटलं की आदल्या दिवशीच, ट्रेन बंद व्हायच्या आत, उंचावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे जायचं, आजींना बरोबर घेऊन.