शंभराव्या सामन्याचे कागदी बॅनर: बेळगावच्या मैदानासाठी

ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्न आणि व्हिक्टोरिया प्रांतात, अंडाकृती मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंनी खेळायचा जो वेगळा फुटबॉल आहे, त्यात सामन्याआधीची एक प्रथा मला फार आवडते. संघाचे समर्थक रंगीत क्रेप कागद आणि चिकटपट्टी यांचे भलेमोठे बॅनर दोन खांबांमध्ये ताणून उभे धरतात आणि संघ ते फाडूनच मैदानात धावत शिरतो. एखाद्याचा ५०वा, १००वा किंवा २००वा सामना असेल, तर त्या दिवशीच्या बॅनरवर त्याचे नाव, त्याचा आकडा आणि त्याच्यावर जुळवलेल्या दोन-चार ओळी असतात. तो सर्वांत पुढे धावतो आणि पुष्कळदा त्याची लहान मुलेही त्याचा हात धरून धावतात. रात्र-रात्र जागून केलेली वस्तू मिनिटभरात फाटते आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही.

आपल्याकडे बॅनर म्हटले की डोळ्यांपुढे फ्लेक्स येतो. त्यावर सत्कारमूर्तीचा फोटो मध्यभागी असला तरी भोवती शुभेच्छुकांचे इतके चेहरे दाटलेले असतात की अभिनंदन नक्की कोणाचे, हे शोधावे लागते. आमच्या बेळगावातील गल्लीच्या फुटबॉल संघासाठी मी ही ऑस्ट्रेलियन पद्धत आपल्या मैदानाला, आपल्या लिपीला आणि आपल्या वाऱ्याला जुळवून घेतली. त्यात जे हाताला लागले ते येथे मांडतो. येळ्ळूर, कडोली, खानापूर, निपाणीकडील कबड्डी किंवा क्रिकेटच्या संघांनाही ते जसेच्या तसे वापरता येईल.

कागद आणण्याच्या कितीतरी आधी करायचे काम म्हणजे मोजणी. हॉथॉर्न संघाच्या मायकेल टकने १९७२ ते १९९१ या काळात ४२६ सामने खेळले, हे तिथे निःशंकपणे सांगता येते, कारण प्रत्येक सामन्यात कोण उतरले याची नोंद आहे. आपल्या संघांकडे बहुधा करंडक असतात, नोंदी नसतात. शंभर पानी रजिस्टर घेऊन त्याच्या पहिल्याच पानावर मोजणीचे नियम लिहून काढावेत: बदली म्हणून शेवटच्या मिनिटाला उतरला तरी सामना धरायचा, बाकावरच बसून राहिला तर धरायचा नाही, सुरू होऊन पावसामुळे थांबलेला सामना धरायचा, सरावाचा किंवा मैत्रीपूर्ण सामना धरायचा नाही. नियम कोणते असावेत याबाबत मतभेद असू शकतात. पण ते एका विशिष्ट खेळाडूची मोजणी सुरू होण्याआधी ठरलेले असले पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी ‘त्याचा धरला, मग माझा का नाही’ हे भांडण ठरलेलेच. जुन्या वर्षांसाठी स्पर्धेच्या संयोजकांकडील संघयाद्या, संघाचे फोटो आणि ‘तरुण भारत’सारख्या स्थानिक दैनिकांतील कात्रणे उपयोगी पडतात. मात्र कात्रणात सहसा गोल करणाऱ्यांचीच नावे छापलेली असतात. त्यामुळे सामना झाला हे कात्रणाने सिद्ध होते, आपला बचावपटू त्यात खेळला हे होत नाही. त्यासाठी त्या दिवशीचे दोन सहकारी विचारावेत आणि दोघांचे जुळले तरच नोंद करावी. वर्षाला दहा-बारा सामने मिळणाऱ्या संघात शंभराचा आकडा गाठायला आठ-दहा वर्षे जातात, म्हणून २५ आणि ५० हे टप्पेही साजरे करावेत असे माझे मत आहे. ३० आणि ४० मात्र करू नयेत. दर महिन्याला बॅनर निघू लागले की ते बांधायला कोणी येत नाही.

आता मजकूर. नाव, आकडा आणि दोन ओळी, एवढेच. आमच्या उजव्या बाजूच्या बचावपटूने शंभर सामन्यांत जेमतेम तीन गोल केले होते, तेव्हा आम्ही लिहिले: ‘गोल मारले तीनच, त्याचे काय एवढे? अडवले किती, ते विचारा तिकडे!’ यात ‘तिकडे’ म्हणजे समोरचा संघ, हे सांगावे लागले नाही. सरावाला नेमाने उशिरा येणाऱ्या एकासाठी बेळगावी थाटात ‘उशिरा आला तरी चालतंय की, आला म्हणजे झालं!’ एवढेच लिहिले आणि त्याच्या आईलाही हसू आवरले नाही. थट्टा सवयीची करावी. शरीरयष्टीची, जातीची, नोकरी नसल्याची किंवा हुकलेल्या पेनल्टीची करू नये. ओळी ठरल्या की त्या खेळाडूच्या घरातील एका माणसाला गुपचूप दाखवाव्यात आणि नाव तो स्वतः जसे लिहितो तसेच लिहावे. सीमाभागात एकच आडनाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एक आणि कन्नड कागदपत्रावरून उलटे मराठीत आणल्यावर दुसरे होते, त्यामुळे फोनमधील नावावर विसंबून राहू नये.

बॅनरला दोन बाजू असतात, ही गोष्ट आपल्याला फार सोयीची आहे. ऑस्ट्रेलियातही दोन्ही बाजूंना मजकूर असतो. आमच्या संघात कन्नड बोलणारी मुले आहेत, म्हणून पुढून मराठी आणि मागून कन्नड असे आम्ही ठरवले. मागील बाजूचे ‘अभिनंदनेगळु’ आणि त्याखालील ओळ त्या मुलांनीच रचावी आणि त्यांनीच कापावी. मराठी ओळीचे फोनवर भाषांतर करून चिकटवू नये, कारण यमक जाते आणि विनोदही जातो. क्रेप कागद उन्हात आरपार दिसतो, मागच्या अक्षरांच्या सावल्या पुढे उमटतात. म्हणून पुढे मजकूर वरच्या भागात असेल तर मागे तो खालच्या भागात घ्यावा आणि आकडा दोन्हीकडे मध्यभागी ठेवावा. आकडा जर्सीवर असतो तशाच अंकांत घालावा, म्हणजे तो दोन्ही बाजूंना सारखाच वाचला जातो.

क्रेप कागदाची गुंडाळी साधारणतः ५० सेंटीमीटर रुंद आणि दोन ते अडीच मीटर लांब मिळते. चार मीटर रुंदीचे बॅनर करायचे असेल तर आठ पट्ट्या पुरतील असे वाटते, पण प्रत्येक जोडावर दोन सेंटीमीटर कागद एकमेकांवर चढवावा लागतो, म्हणून नऊ घ्याव्यात आणि दहावी फाटण्यासाठी हाताशी ठेवावी. हा कागद लांबीच्या दिशेने ताणतो. उभ्या लावलेल्या पट्ट्या स्वतःच्याच वजनाने खाली ओघळू लागतात आणि त्यांवरील अक्षरे लांबुडकी होतात. म्हणून प्रत्येक उभ्या जोडावर पारदर्शक चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत सलग मारावी, फक्त मधला दरवाजा सोडून. दरवाजा म्हणजे जिथून खेळाडू धावत जाणार तो मधला सुमारे सव्वा मीटर रुंदीचा भाग. तिथल्या जोडांवर वीत-वीत अंतराने चिकटपट्टीचे लहान तुकडे लावावेत आणि आडवी पट्टी एकही जाऊ देऊ नये.

हे मी पहिल्या वेळी केले नव्हते. बॅनर मजबूत व्हावे म्हणून मी मधोमध तीन आडव्या पट्ट्या ओढल्या आणि स्वतःवर खूष झालो. दुसऱ्या दिवशी आमचा खेळाडू मुलीला कडेवर घेऊन धावत आला तेव्हा कागद फाटला नाही, नुसता ताणला गेला आणि लुगड्यासारखा दोघांभोवती गुंडाळला. एक बांबू हातातून सुटला, मुलगी रडू लागली आणि शिट्टी पाच मिनिटे उशिरा वाजली. तेव्हापासून दरवाजाच्या मधल्या जोडावर गुडघ्याच्या उंचीला कात्रीने वीतभर चीर देऊन ठेवतो, म्हणजे फाटायला तिथून सुरुवात होते. खालच्या कडेला दोरी कधीही ओवू नये. धावणाऱ्याचा पाय तिच्यात अडकतो.

वरच्या कडेसाठी आम्ही एक कायमची सोय केली आहे. शहापूर-वडगाव हा मागांचा भाग, तिथे शिवणारे हात शोधावे लागत नाहीत. मांजरपाटाची हातभर रुंद पट्टी दुमडून शिवून घेतली, तिच्या नेफ्यातून सुती दोरी ओवली आणि तिच्यावर संघाचे नाव रंगवले. दर वेळी कागद या पट्टीला खालून चिकटवायचा. कागद फाटतो, पट्टी राहते. फ्लेक्सचा विचारही करू नये. तो फाडून धावता येत नाही हे तर झालेच. शिवाय कर्नाटकात प्लास्टिकच्या बॅनरवर आणि फ्लेक्सवर २०१६ सालीच बंदी आली असून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत.

अक्षरांचा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या माणसाला पडत नाही, तो आपला आहे. देवनागरी अक्षरे सुटी-सुटी कापून चिकटवली तर शिरोरेषा तुटते आणि शब्द पडक्या दातांसारखा दिसतो. त्यावर उपाय असा की गवंडी मारतात तसे खडूच्या पुडीत बुडवलेल्या दोरीने आधी सूत मारून घ्यावे, त्या रेघेवर पाच सेंटीमीटर रुंदीची सलग पट्टी शिरोरेषा म्हणून चिकटवावी आणि तिला खालून एकेक अक्षर तोरणाच्या पानासारखे टांगत जावे. वेलांट्या, मात्रा आणि रफार सर्वांत शेवटी लावाव्यात. जोडाक्षरे आधी वर्तमानपत्रावर पूर्ण आकारात काढून पाहावीत. ‘येळ्ळूर’मधला ‘ळ्ळ’ कापताना पहिल्या दोन वेळा चुकतोच. उंचीचा ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून सहज वाचता यायला एक इंच अक्षर लागते. प्रेक्षक १२० फुटांवर उभे असतील तर नाव आणि आकडा किमान बारा इंचांचा हवा आणि वरखालच्या मात्रांसाठी आणखी तिसरा हिस्सा जागा मोकळी सोडावी. अक्षरे चिकटवायला मैद्याची खळ वापरू नये. पतंगाला ती उत्तम, पण क्रेपचा रंग ओलाव्याने सुटतो आणि लाल कागदाचा ओघळ पिवळ्या अक्षरावर उतरतो. सुकी डिंककांडी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी बरी. याच कारणाने पावसाळी दिवशी पांढऱ्या जर्सीच्या संघाने गडद रंगाचे बॅनर करू नये.

जुळणीसाठी देवळाचा सभामंडप किंवा शाळेची मोठी खोली लागते. फरशी कोरडी पुसून घ्यावी, पंखे बंद करावेत, चपला बाहेर ठेवाव्यात. सहा माणसे असली की तीन-चार तासांत काम होते. पंधरा असली की होत नाही. तयार बॅनर घडी न घालता बांबूवर गुंडाळावे.

बांबू बारा फुटांचे, सरळ आणि पेरांवर तासून गुळगुळीत केलेले असावेत. शिवजयंतीच्या चित्ररथांचे सांगाडे बांधणारा एखादा माणूस आपल्या गल्लीत असतोच, त्याला हाताशी धरावे. दोर कसा ताणावा हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. प्रत्येक बांबूला दोन माणसे आणि बांबूच्या टोकाला बाहेरच्या बाजूने ओढलेला एक ताणदोर, एवढे पुरते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याने पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जोरात असतो. अशा दिवशी बॅनर पूर्व-पश्चिम ताणावे, म्हणजे वारा त्याच्या कडेवर येतो, पोटात भरत नाही. खेळाडूंना मग उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून आणावे लागते, तेवढे कर्णधाराला आधी सांगावे. अक्षरे नसलेल्या जागी चंद्रकोरीसारखे चार-सहा काप दिले की वारा निघून जातो. इतके करूनही कधीकधी ते आधीच फाटते. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सामन्यांतही फाटते आणि खेळाडू हसत बाजूने निघून जातात.

मैदान शाळेचे असेल तर मुख्याध्यापकांची, कॅन्टोन्मेंटचे असेल तर त्या कार्यालयाची परवानगी आठवडाभर आधी लेखी घ्यावी. हेच बॅनर रस्त्यावर किंवा चौकात लावायचे म्हटले की महापालिकेची परवानगी लागते, आणि ते तिथे लावण्यात अर्थही नाही. संघ सज्ज झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांतच ते उलगडावे, पंचांना आधी कल्पना द्यावी, दरवाजासमोर मोबाइल घेऊन कोणाला उभे राहू देऊ नये. खेळाडू पार झाले की चार मुलांनी पोती घेऊन लगेच सर्व तुकडे वेचावेत, कारण लाल मातीत दबलेला ओला क्रेप सोमवारी शाळेच्या शिपायाला खरवडून काढावा लागतो आणि पुढच्या परवानगीच्या वेळी ते त्याच्या लक्षात असते. आकड्याचा सर्वांत मोठा तुकडा खेळाडूच्या घरी द्यावा. मांजरपाटाची पट्टी धुऊन, सावलीत वाळवून रजिस्टरासोबत पेटीत ठेवावी आणि त्या सामन्याची नोंद त्याच संध्याकाळी करावी.